भर उन्हात हुंगलेली अत्तरं

विमल गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी चंद्रपुरात घरी उत्तरपत्रिका तपासत होते. पुढची हातात घेतली, पण एकही ओळ वाचता आली नाही... त्याला आता दीड महिना झाला.

विमल माझी बालमैत्रीण, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. लग्न होऊन बल्लारपूरला गेली आणि सासूसोबत बाजारात मासळी विकू लागली. नव्वदनंतर कधीतरी तिनं अत्तराचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा लोक हसले. मासळीवालीकडून अत्तर कोण घेणार? तिनं बाजाराच्या तोंडाशी जागा धरली आणि बसली.

आमच्याकडच्या मे महिन्यात भारी वास डोक्यात जातात. गिऱ्हाईक हलकं, पाण्यातल्या फुलांचं काहीतरी मागायचं. तेव्हा तशाच वासाच्या स्प्रेच्या निळ्या बाटल्या नव्यानं आल्या होत्या. त्या आणणाऱ्या एजंटनं विमलला काचेचं कपाटही दिलं. तिनं मलमलच्या चिंध्यांना एकेक वास लावला, त्या भर दुपारी दोरीवर टाकल्या आणि तासातासाला हुंगत राहिली. मोगरा उग्र झाला. निळी बाटली पहिला अर्धा तास अगदी तळ्याकाठी नेऊन उभं करायची, मग नुसतं स्पिरिट. कमळाचं साधं अत्तर मात्र संध्याकाळपर्यंत मंद येत राहिलं. हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. एजंट चिडला. निळी बाटलीच पुढे करा, नाहीतर कपाट नेतो, म्हणाला.

“न्या भाऊ,” विमल म्हणाली. “तळ्याचा वास कसा असते, ते मले नका सांगू.”

दुसऱ्या दिवशी ती पोत्यावर चार कुप्या मांडून बसली. तो उन्हाळा कठीण गेला. पण खरं ऐकलेलं गिऱ्हाईक परत आलं, सोबत आणखी कोणाला घेऊन आलं. दोन वर्षांत तिनं स्वतःचं कपाट केलं, आलापल्लीच्या सागाचं.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. तिला बोलणंही जड जात होतं. कसला वास येतो, तिनं विचारलं. फिनाइलचा, मी म्हटलं.

“त्याच्या मागं काय हाये, ते सांग.”

मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही... मग खिडकीतल्या कूलरमधल्या ओल्या खसचा, वाळ्याचा वास जाणवला. तसं सांगितल्यावर तिनं समाधानानं मान हलवली.

आता कुठल्याही घरात शिरताना पहिला वास मी जाऊ देते, आणि दुसरा येईपर्यंत दारातच थांबते.