मास्तरांचा उजवा पाय

कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीनंतर उरला नव्हता, पण ते गाड्यांना मार्क देत, दहापैकी. गाडी किती सेकंदांत वेग घेते, किती मीटरमध्ये थांबते, हे मोजायला यंत्रं होती. पण क्लच सोडताना ती हिसका देते का, वळणावर स्टिअरिंग हातात सैल पडतं का, ब्रेक दाबल्यावर पायाला भरवसा वाटतो का, हे यंत्राला कुठलं कळायला! ते मास्तर सांगत. सव्वीस वर्षं सांगत होते. मोठमोठ्या पदव्यांचे इंजिनियर आकड्यांवरून हमरीतुमरीवर यायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "मास्तरांना विचारा ना." मास्तर टेस्ट ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून यायचे, दार लावायचे आणि म्हणायचे, "साडेसहा." वाद मिटला.

इतक्या मानाने ऐकलं जायची सवय वाईट. ती एकदा लागली की जन्मात सुटत नाही. मास्तरांची काय सुटणार?

त्या वर्षी छोटी हॅचबॅक आली. एकाच गाडीला दोन इंजिनं. एक बाराशे सीसीचं, चार सिलिंडरचं, गरीब स्वभावाचं. कितीही रेटा, कुरकुर न करता आपल्या चालीने जाणारं. दुसरं हजार सीसीचं, तीनच सिलिंडरचं, टर्बो लावलेलं. ते खाली जरा सुस्त, पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढे सरकला की असं काही धावत सुटे की मास्तर एकटेच गाडीत हसत. शिवाय ते वजनाला हलकं, त्यामुळे गाडीचं नाक वळणात नुसतं सांगायची खोटी, की आत शिरलंच. मास्तरांचा जीव या छोट्यावर जडला होता. गाडी आणखी हलकी व्हावी म्हणून छोट्या इंजिनाच्या गाडीला ब्रेकची डिस्कही पातळ दिली होती. ती डिस्क चालेल की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. ती चालली की गाडी कारखान्यातून बाहेर पडायला मोकळी.

आणि नेमकं त्याच वर्षी मास्तरांच्या पायांनी दगा दिला.

साखरेचा आजार अकरा वर्षांचा जुना. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. एकदा सकाळी मास्तर स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले, तर मागून बायको हातात एक चप्पल धरून आली.

"अहो, ही कुणाची?"

"माझीच. का?"

"पॅसेजमध्ये पडली होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि स्वारी खुशाल चालत आलीये! कळलं नाही तुम्हाला?"

"घाईत होतो," मास्तर म्हणाले.

"कसली घाई? चहा तर अजून मी टाकलासुद्धा नाही."

बायकोने त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तळपायाला बारीक तार टोचत टोचत दहा ठिकाणी विचारलं, कळतंय का? डाव्याला चार ठिकाणी कळलं, उजव्याला एकाही नाही. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं आणि म्हणाले, हे ऑफिसात दाखवा. मास्तरांनी कागद कपाटात स्वेटरखाली सारला. दीड वर्षाने निवृत्त व्हायचंच होतं. तोवर कशाला बभ्रा? बायकोने दोनदा विचारलं, दोनदा ते तिच्यावर खेकसले, मग तिने विचारणं सोडलं.

आणि काम निभत होतं हो! सव्वीस वर्षं मुरलेला माणूस, त्याला शंभर वाटा माहीत. क्लच कुठे धरतो ते इंजिनाच्या आवाजावरून कळे. हादरा गिअरच्या दांडीत हाताला लागे. झटका मानेला कळे. मास्तर मार्क देत होते आणि ते बरोबर येत होते. निदान चूक आहेत असं कुणी म्हणत नव्हतं. त्यांच्या मार्कांना चूक म्हणायची पद्धतच त्या कारखान्यात नव्हती.

मास्तरांच्या हाताखाली त्या सुमारास एक मुलगी आली होती. आधी चार वर्षं रुग्णवाहिका चालवायची. मागे झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून ब्रेक इतका हळुवार लावायची, की गाडी थांबली हे खिडकीतून बघून कळावं. मास्तरांनीच तिला निवडलं होतं. ते तिला शिकवायचे, "डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर, आणि बाकीचं सगळं लक्ष तळपायावर." हे सांगताना त्यांना आपलीच लाज वाटायची, पण सांगायचे ते.

छोट्या इंजिनाच्या गाडीच्या मार्कांच्या तक्त्यावर तिने ब्रेकपुढे लिहिलं: पाच. शेजारी शेरा: साठच्या वेगावरून सावकाश थांबताना पेडलमध्ये बारीक थरथर, ब्रेक तापल्यावर वाढते. मास्तरांनी त्याच गाडीला साडेआठ दिले होते.

सोमवारी मीटिंग बसली. मोठ्या साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. यंत्राचा आकडा मर्यादेच्या अगदी काठावर होता, त्यातून हवा तो अर्थ काढता आला असता.

"मास्तर, थरथर आहे?"

आता इथे ते म्हणू शकले असते, पुन्हा बघतो. दोन शब्दांचं काम. पण समोर दहा माणसं बसलेली, सगळी त्यांच्या तोंडाकडे बघतायत.

"असती तर मला कळली असती," मास्तर म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मुलगी आपल्या वहीकडे बघत राहिली, तिचे कान लाल झाले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. ते इतकंच म्हणाले की, नसलेल्या गोष्टी जाणवणारा माणूस या कामात धोक्याचा. पुढच्या आठवड्यापासून हिला आकडे भरायच्या टेबलावर बसवा. आणि डिस्क पक्की करा, शुक्रवारी सही करतो.

मास्तरांनी आपल्या तक्त्याखाली सही केली.

बुधवारी कॅन्टीनमध्ये ती त्यांच्या टेबलाशी आली. बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "सर, एक विचारू? मला अजूनही ती लागते."

"काय लागते?"

"थरथर. काल परत चालवली. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी मनाची समजूत घालत होते की नाहीये, नाहीये. तरी लागतेच. म्हणजे माझ्या पायातच काहीतरी खोट असणार. रुग्णवाहिकेतही मला अशा गोष्टी लागायच्या आणि मी गाडी गॅरेजला लावायचे. आता वाटतं, उगाच लावली की काय. सर, नसलेलं लागू नये म्हणून काय करायचं?"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. एका चांगल्या पायावरचा भरवसा त्यांनी पाच शब्दांत मोडला होता, आणि ती तो मोडलेला भरवसा घेऊन दुरुस्त करायला त्यांच्याचकडे आली होती.

"जा तू. बघतो मी," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी छोटी गाडी काढली आणि ट्रॅकवर नेली. बूट काढले, मोजे काढले. साठ, ब्रेक. साठ, ब्रेक. अकरा वेळा. पायाखाली पेडल आहे हेसुद्धा गाडी थांबायची तेव्हाच कळे. मग ते गाडी घेऊन वर्कशॉपात आले, जिथे चाकं रोलरवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवतात. तिथला मिस्त्री जुना दोस्त.

"साठवर फिरव जरा," मास्तर म्हणाले. पण आत बसले नाहीत. दार उघडं ठेवून बाहेरच गुडघ्यांवर बसले, अर्धं अंग आत घातलं आणि ब्रेकच्या पेडलवर उजव्या हाताचा तळवा ठेवला.

"अहो मास्तर, काही हरवलंय का खाली?" मिस्त्री ओरडला.

"फिरव तू."

रोलर फिरले. मास्तरांनी तळव्याने पेडल दाबलं.

थरथर होती. बारीकसारीक नव्हे, चांगली स्पष्ट. मांडीवर झोपलेलं मांजर गुरगुरतं तशी ती मनगटापर्यंत आली. त्यांनी दहा वेळा दाबलं, डिस्क तापली, आणि ती वाढली. मुलीने लिहिलं होतं, अगदी तशीच. मास्तरांना रडू फुटलं. मिस्त्रीने यंत्र बंद केलं आणि तो दुसरीकडे बघत उभा राहिला.

तिथून ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले, जाताना मुलीलाही बरोबर घेतलं. वाटेत थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे ते ओळखून होते.

"सोमवारी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "थरथर आहे. हिचं बरोबर आहे. माझ्या उजव्या पायाला काही कळत नाही."

साहेबांना आधी काही उमगलंच नाही. मास्तरांनी सगळं सांगितलं, तार, कागद, स्वेटर, सगळं. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. "मीटिंगमध्ये?"

"पाय गेलाय हे माहीत होतं."

"आणि तरी मला तळपायावर लक्ष ठेवायला शिकवत होतात."

तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. साहेबांनी तिला छोट्या गाडीची किल्ली दिली आणि पुन्हा तपासायला पाठवलं. मास्तरांकडे न बघता ती गेली.

मग साहेबांनी दार लावलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची मास्तरांनी तयारीच केली नव्हती. डॉक्टरकडे गेले ते आठ महिन्यांपूर्वी. पण त्याच्या आधी? मुंग्या कधी आल्या, कधी गेल्या? जे लागायचं थांबतं ते कोणत्या दिवशी थांबलं, हे माणसाने कसं सांगावं?

साहेब उठले आणि फडताळातून फायली काढू लागले. गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या गाड्या, प्रत्येक तक्त्याखाली मास्तरांची सही.

"ही?"

"सांगता येत नाही."

"ही?"

"नाही, साहेब."

"ही तरी?"

ती दोन वर्षांपूर्वीची गाडी होती. ब्रेकपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नऊ. मास्तरांनी तो कागद हातात घेतला. ते मार्क दिले त्या दिवशी पायाला काय लागलं होतं, हे आठवायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. ट्रॅक आठवला, ऊन आठवलं, गाडीचा रंगसुद्धा आठवला. पाय आठवेना.

"बाहेर जाऊन एक फोन करतो," ते म्हणाले.

त्यांच्या लेकीने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मागे नातीचा दंगा चालला होता.

"बाबा, पटकन बोला हं. हिला क्लासला सोडायचंय, गाडीतच बसतेय."

"गाडी नेऊ नकोस. दुसरं काहीतरी बघ. आणि उद्या गॅरेजला दे, ब्रेक उघडून बघायला सांग."

"का? काय झालं ब्रेकना?"

"माहीत नाही."

"कमाल करता बाबा!" लेक हसली. "दोन वर्षांपूर्वी डोळे झाकून विकत घे म्हणालात तुम्ही. तुम्ही स्वतः पास केलेली गाडी आहे ना ती?"

"म्हणूनच सांगतोय," मास्तर म्हणाले.