पान सदतीस आणि आमचं ऑफिस

पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की सदतिसाव्या पानावर मजकूरच नव्हता. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात फक्त एक ओळ, ‘तुझ्या पाठीमागे बघ.’

मी गर्रकन वळून बघितलं. पाठीमागे शिपाई चहा घेऊन उभा होता. चहा सगळा आवक रजिस्टरवर!

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात त्या एका इंग्रजी भयकादंबरीचे इतके किस्से झालेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. पुस्तक नीलाताईंच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेलं. नीलाताई आमच्या सीनियर. त्यांच्या हाताखाली मी, सुरेखा आणि मेधा.

*

एका पानावर अक्षरं गोल गोल फिरत मध्यापर्यंत जायची. लंच टाइमला सुरेखा ते पुस्तक स्टिअरिंगसारखं फिरवत वाचत होती. साहेब आले, मान वाकडी करून बघत राहिले.

“काय चाललंय हे?”

सुरेखा इथल्याच दिवाळे गावची, कोळीवाड्यातली. ती कोणाला घाबरत नाही.

“साहेब, पुस्तक सरल हाय. आपनच वाकडं बसलोय!”

साहेब मान तशीच वाकडी ठेवून केबिनमध्ये गेले.

*

नीलाताईंची आख्खी नोकरी टिपणं तपासण्यात गेलेली. चार दिवसांत त्यांनी पुस्तक परत आणलं. पेन्सिलीने प्रत्येक पानावर बाण, क्रमांक, आणि शेवटी शेरा, ‘मांडणी सदोष. भूत पान ९० च्या आधी येऊ नये.’

भुतालासुद्धा मेमो!

*

भाचा परत निघाला, म्हणून आम्ही घाईघाईत झेरॉक्स काढायला टाकली. दुकानदाराने गठ्ठा हातात ठेवला आणि वर उपकार केल्यासारखा हसला.

“मॅडम, उलटी पानं सगळी सरळ केली. कोरी होती ती काढून टाकली. कसला गलथान कारभार आहे ओ या कंपनीचा!”

त्याने पान नंबर आणि नीलाताईंचे क्रमांकही कापले होते. कडेला ‘घाण दिसत होते’ म्हणून!

*

तोवर पुस्तक विमानात. सुटी पानं पहिल्यांदा माझ्याकडे आली. त्यातली काही आरशातच वाचता येणारी. नेरुळच्या घरी मी आईच्या ड्रेसिंग टेबलासमोर बसले, रंगात आले, आणि आरशात माझ्या खांद्यामागे एक चेहरा!

मी किंचाळले. आई किंचाळली. शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या, त्याही किंचाळल्या.

“वाचतेयस की बाळंत होतेयस?” आई म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्या गठ्ठ्याला हात लावला नाही.

*

आमचा नियम एकच होता. पूर्ण वाचल्याशिवाय पुढे द्यायचं नाही, म्हणजे पुढचीला कोणीतरी सांगू शकेल की शेवटी सगळं ठीक होतं. मी निम्मं वाचलं होतं. तरी शुक्रवारी मेधाला गठ्ठा दिला आणि तोंड वर करून म्हणाले, “झालं माझं. काही भीतीबिती नाही गं!”

मेधा खांदेश्वरला राहते. नवी बिल्डिंग, निम्मे फ्लॅट रिकामे. आईवडील लग्नाला चिपळूणला गेलेले.

सोमवारी मेधा आली नाही. तापातही ऑफिसला येणारी मेधा! अकरा वाजले, बारा वाजले, निरोप नाही. शेवटी मी नीलाताईंना खरं सांगून टाकलं.

“निम्मंच वाचलंस? आणि त्या एकट्या पोरीला दिलंस?” चष्मा काढून त्या म्हणाल्या. “लाव फोन. आत्ता!”

फोन साहेबांच्या टेबलावर. रिंग वाजून वाजून कट झाली. परत लावला. परत तेच.

“चल, तिच्या घरी जाव,” सुरेखाने पर्स उचलली.

तिसऱ्यांदा लावला. साहेबांनीही सही करायची थांबवली. मी मनात म्हणत होते, उचल गं बाई, शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, पण उचल!

खट्ट.

“मेधा? मेधा, बरी आहेस ना? सॉरी गं, मी खोटं...”

“हळू बोल,” मेधा कुजबुजली. “क्रम लागावा म्हणून पानं जमिनीवर मांडत होते. हॉलमधली मी मांडली.”

“बरं, मग?”

“स्वयंपाकघरातली कोणी मांडली?”