खालच्या सुराचा श्वास

बॅरिटोन सॅक्सोफोन गळ्यात अडकवला की आधी मान कुरकुरते. सॅक्सोफोनच्या घरातला हा थोरला, आवाज अगदी खालचा. मी तो वडिलांच्या बँडमध्ये शिकले. हडपसरची लग्नं, जयंतीची मिरवणूक, सगळीकडे पप्पांचं युफोनियम, म्हणजे खालच्याच सुराचं पितळी वाद्य, आणि शेजारी माझा बॅरिटोन. तिथे एकच शिस्त होती: खालचा सूर तुटायचा नाही. क्लॅरनेटवाल्याने वर हवे ते नखरे करावेत, पण खालचा सूर थांबला की नाचणाऱ्यांचे पाय थांबतात. म्हणून दम संपत आला की मी पप्पांना कोपराने खुणवायचे. ते सूर उचलायचे आणि मी श्वास घ्यायचे. ऐकणाऱ्याला सांधा कळत नसे.

आता खराडीच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी रविवारी सकाळी एका जॅझ चौकडीत वाजवते. पियानो, डबल बास, ड्रम आणि मी. पियानोवाले निवृत्त प्राध्यापक आहेत, तालीम कॅम्पातल्या त्यांच्या घरी. एका छोट्या हॉलमधला कार्यक्रम ठरला तेव्हा मी सांगून टाकलं की एका संथ गाण्यात सोलो माझा. बॅरिटोनला सहसा मागे उभं करून इतरांना आधार द्यायला लावतात. आधार मी आयुष्यभर दिला होता. आता मला पुढे येऊन बोलायचं होतं.

पहिल्या तालमीत मी सुरू झाले ती थांबलेच नाही. तोंडाच्या कडेने चोरून श्वास घेत, सूर न तोडता वाजवतच राहिले. संपल्यावर डबल बासवाल्याने तारांवरचे हात काढले.

"मॅडम, पुढच्या रविवारी मी मंडईत जाऊन भाजी आणू का? इथे माझं काही काम दिसत नाही."

पियानोवाले हसले नाहीत. "अहो, आपण भिंत बांधताय. ऐकणाऱ्याला आत यायला दार तरी ठेवा. पुढच्या वेळी जमलं नाही तर मी टेनर सॅक्सवाल्याला बोलावतो. वरचा आवाज आहे, लोकांना सोयीचा पडेल."

'सोयीचा' हा शब्द मला डसला. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की सोलो मीच वाजवणार.

आठवडाभर सकाळी गच्चीवर मी थांबण्याचा रियाज केला. एक ओळ वाजवायची, माउथपीस तोंडातून काढायचा आणि गप्प उभं राहायचं. बोटं शिवशिवायची, जणू मिरवणूक माझ्यामुळे अडली आहे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "वाद्य बिघडलंय का गं?" मी म्हटलं, "वाद्य ठीक आहे काकू, माझीच दुरुस्ती चाललीय."

पुढच्या तालमीला मी ओळींमध्ये थांबत वाजवलं. पियानोवाले म्हणाले, "ठीक. टेनरवाल्याला नको बोलवायला. पण लोकांसमोर घाबरलात तर जुनी खोड वर येईल."

कार्यक्रमाला पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. माझा सोलो आला. दोन ओळी वाजवून मी थांबले, माउथपीस खाली घेतला. हॉलमध्ये फक्त डबल बासचे सूर राहिले.

आणि पप्पा खुर्चीतून उठले. त्यांना वाटलं, माझा दम संपला. त्यांची छाती भरली होती, ओठ जुळले होते, हातात मात्र काही नव्हतं. मी एक सूर काढला असता तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी वाजवलं नाही. बासवाल्याची ओळ पूर्ण होऊ दिली, सगळ्यांसमोर उघड्या तोंडाने भरपूर श्वास घेतला आणि मग वाद्याचा सर्वात खालचा सूर लावला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, बसा की." पप्पांनी कोंडलेला श्वास सोडला. बसले मात्र नाहीत. माझा सोलो संपेपर्यंत ते तसेच उभे होते.