पोलिसांचा दाखला आणि थोरल्या जाऊबाई

परदेशात राहायची परवानगी मंजूर झाली, असं मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी आणि थोरल्या जाऊबाई पावटा सोलत बसलो होतो. मुलगी राहते त्या देशात निवृत्त माणसांना लांब मुदतीचा व्हिसा मिळतो. अर्ज तिनेच भरला होता. मला वाटलं, झालं एकदाचं. पण मंजुरी म्हणजे नुसता साखरपुडा होता. छातीचा एक्स-रे, विमा, बँकेचं पत्र आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, एवढं मुदतीत पोचलं तरच पासपोर्टवर व्हिसा लागणार होता, नाहीतर मंजुरी रद्द. मुलगी उंटावरून शेळ्या हाकत होती, आणि शेळी मी एकटीच होते.

मला जायचं होतं. हे लिहायला लाज वाटत नाही. एकुलती एक मुलगी, तिची दोन लहान मुलं, आणि मी भोरच्या शाळेत लोकांची पोरं सांभाळण्यात जन्म घालवलेला. अडचण एकच होती, आणि ती भिंतीपलीकडे राहत होती. भाटघरजवळच्या आमच्या घराला दोन दारं आहेत, एक माझं, एक जाऊबाईंचं. दोघींचेही नवरे गेले. जाऊबाईंना मूलबाळ नाही. भांडायचं तेवढं भांडून झाल्यामुळे आता आम्हाला गोडीने राहण्यावाचून इलाज नव्हता. मी जाणार म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

पोलीस घरी चौकशीला आला तो नेमका मी विम्याच्या कामासाठी भोरला गेले असताना. संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "यून गेला," आणि विषय संपला. दाखला काही येईना, म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी कागद काढून वाचून दाखवला. सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. सदर महिला मयत असल्याचे दिसते.

मी म्हटलं, "सदर महिला मीच."

त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा कल कागदाकडे होता. पण मी पेन्शनवाली. आम्हाला दर वर्षी आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. त्या हयातीच्या दाखल्याची प्रत पिशवीत होती, ती पुढे केली. मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि माणूस पुन्हा पाठवतो म्हणाले.

घरी आले तेव्हा जाऊबाई भाकऱ्या थापत होत्या.

"अक्का, त्या पोलिसाला तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगायचं? पोलिसाला घरातलं मानूस कोन दावतं व्हय? हितं ऱ्हात न्हाई म्हनलं."

"आणि मी मेले म्हणून?"

"त्ये म्या न्हाई म्हनलं. तुज्या घरात बसवून च्या दिला. त्यानं तुजा फोटू बघितला, हात जोडलं. म्या गप बसले."

भिंतीवर माझ्या शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो आहे. त्या दिवशी मिळालेला चंदनाचा हार ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो त्याच फोटोला अडकवला होता. माझ्याच हाताने. त्या माणसाने माझ्याच कपात चहा पिऊन माझंच दुःख केलं होतं.

"आन मरनाची खोटी बातमी उठली की आयुक्ष वाढतं," जाऊबाई म्हणाल्या. "तुजं भलंच झालं की."

"तो व्हिसासाठी येणार, हे मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

भाकरीवरचा हात थांबला. "सांगितलं व्हतंस."

"मग?"

"मंग काय. म्हाईत व्हतं मला."

मी फार चिडले. मुदत टळली तर पोरगी तिकडे एकटी पडेल, म्हणून ओरडले. आणि हितं कोण एकटं पडणार, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली. नंतर पोलीस येईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

तोच पोलीस पुन्हा आला. फोटोचा हार मी काढून ठेवला होता. मला पाहून तो बिचारा ओशाळला, "सॉरी मॅडम," म्हणाला आणि जाऊबाईंकडे वळला.

"मावशी, ह्या इथेच राहतात ना?"

"हितंच. नांदाया आली तवापासनं."

"वागणूक कशी आहे?"

जाऊबाईंनी विचार केला. जरा जास्तच वेळ केला. "तोंडानं फटकळ हाय. पर कुनाचं वाईट न्हाई केलं कदी."

त्याने "वागणूक चांगली" असं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. जाऊबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"म्या सही केली की ही जानार?"

"आमच्याकडून तरी मग काही अडचण नाही, मावशी."

"आन हिला परत यायचं झालं तर? तवाबी आसा दाखला लागतो व्हय?"

पोलीस हसला. "नाही हो. आपल्या घरी यायला कशाला दाखला?"

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. "आइकलंस न्हवं? काय बी लागत न्हाई." आणि वाकून सही करू लागल्या. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.