उलटसुलट आत्या

माझी सिंधू आत्या दाराला कुलूप लावायची, लगेच उघडायची आणि पुन्हा लावायची. कितीही घाई असो, यात बदल नाही. गॅस पेटवायचा, बंद करायचा, पुन्हा पेटवायचा. काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या बोळात तिच्या दोन खोल्या आहेत. त्या बोळातल्या आम्हा पोरांनी तिचं नाव ‘उलटसुलट आत्या’ ठेवलं होतं आणि ते तिला चांगलं माहीत होतं. “उलट जाऊन बघितल्याशिवाय सुलट आहे की नाही हे कळतं का रे?” एवढं म्हणून ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायला निघून जायची.

ही खोड तिला आजोबांच्या घरात लागली. आजोबा वेद शिकवत. मंत्रातला शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून वैदिक मंडळी तो नुसता सरळ म्हणून थांबत नाहीत. पहिला शब्द-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. मग दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, अशी वेणी घालत पुढे जातात. त्याला जटापाठ म्हणतात. ओसरीवर शिष्य घोकत असायचे आणि आत आत्या तांदूळ निवडत बसलेली असायची. मुलीला हे शिकवायची पद्धत नव्हती, पण तिचे कान कोण बंद करणार? मंत्र तिने कधी मोठ्याने म्हटला नाही. ती वेणी मात्र तिच्या हाडीमासी खिळली. वाण्याकडे सामानसुद्धा ती तशीच सांगायची. “मास्टरनीजी, एक बार में बोल दीजिए,” असं म्हणत तो बिचारा हात जोडायचा.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही तोवर पुण्याला स्थायिक झालो होतो. बाबा तिचे थोरले भाऊ, हुकूम सोडायची जुनी सवय. त्यांनी फोन केला, “सिंधू, आता पुरे झालं. सामान बांध आणि इकडे ये.”

“दादा, लोक इथं मरायला येतात. मला इथं जगायचंय,” आत्या म्हणाली. “आंधळ्याला गंगा ऐकू येत नाही काय?”

“गंगा येईल ऐकू. बँकेचा मेसेज कोण वाचून दाखवील? विजेचं बिल? औषधाच्या बाटलीवरचं?”

हे मात्र तिला पटलं. शेवटी दोघांत ठरलं की, नजर गेल्यावर तिचं तिला वाचता आलं तर काशी, नाही आलं तर पुणे. बाबांनी मनातल्या मनात तिच्यासाठी पुण्यातली एक खोली रिकामी करायला घेतली.

मी तेव्हा एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या गटात होतो. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटरने बाईच्या आवाजात मराठीत वाचून दाखवायचं, ही तिची खासियत. पण ती अजून बाजारात यायची होती. आमची कच्ची आवृत्ती कधी अडखळायची, कधी मध्येच मान टाकायची. बोलता बोलता मी हे आत्याला सांगितलं आणि तिने माझा पिच्छाच पुरवला. मी म्हणालो, “आत्या, जरा थांब, पक्की झाली की देतो.”

“बिल्कुल नाही! कच्चीच दे. तुमची पक्की होईपर्यंत माझे डोळे राहायचे नाहीत. बाई जे बोलते तेच पडद्यावर आहे की नाही, हे मग मी कशाने बघू? आत्ता मला दिसतंयही आणि ऐकूही येतंय. तेवढ्यात तिला तपासून घेते.”

आमच्या गटात इतकी हुशार माणसं होती, पण हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मी निमूटपणे तिच्या लॅपटॉपवर कच्ची आवृत्ती चढवून दिली.

पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. “तुमची बाई हिंदी शाळेत शिकलेली दिसते. ‘चूल’मधला ‘च’ म्हणताना तिची जीभ वळत नाही. माझ्या विद्यार्थिनी अशाच म्हणायच्या.” मग तिने तक्रारींचा सपाटा लावला. आधी डोळे मिटून ऐकायचं, मग उघडून ताडून बघायचं, पुन्हा मिटून ऐकायचं. आम्ही चाचणी करायचो ती सरळ रेषेत. फाइल उघडली, लिहिलं, बंद केली, झालं. आत्या उघडून लिहायची, लिहिलेलं पुसून मागे जायची, पुन्हा लिहायची. तिच्या त्या वेणीत असे दोष सापडायचे की आम्ही तोंडात बोटं घालायचो.

एकदा सिस्टिम अद्ययावत होत असताना माकडांनी इंटरनेटची तार तोडली. काम अर्ध्यात लटकलं आणि लॅपटॉप सुरूच होईना. माझा जीव अर्धा झाला, पण आत्याचा आवाज आनंदाने फुललेला. “हे तुम्हाला पुण्यात सापडलं असतं का? लिहून घे. आणि यावर इलाज काढा, माकडं काही आमचा मोहल्ला सोडून जाणार नाहीत.” इलाज काढावाच लागला. आमच्या गटात तिच्याबद्दल तेव्हापासून जरा दबून बोललं जाऊ लागलं.

इकडे नजर मात्र विझत चालली होती. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. खिडकीतून येणारा उजेड तेवढा कळायचा. आणि नेमक्या त्याच सुमाराला तिला तो दोष सापडला. वाचन चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि उघडलं तर बाई नीट बोलायची. तसंच लगेच पुन्हा मिटून उघडलं की पासवर्डची चौकट पडद्यावर यायची, पण बाई मुकी. आम्ही दोषांच्या यादीत त्याला ‘किरकोळ’ म्हणून टाकलं. चौकट दिसतेय ना, मग झालं! आवृत्ती बाहेर पडायची तारीख तोंडावर आली होती.

“किरकोळ?” आत्याने फोनवर विचारलं. तिचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता. “मला सगळ्यांशी बोलू दे.”

आमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये शालिनी, म्हणजे आमच्या गटाची प्रमुख, आणि गटातले बाकीचे सगळे होते. आत्या रागावली नाही. शाळेतल्या सुरात, हिंदीत तिने सगळ्यांना चाचणीचे लॅपटॉप पुढ्यात घेऊन डोळे मिटायला सांगितलं. झाकण लावा, उघडा, लावा, उघडा. सगळ्यांनी केलं आणि वाट बघत बसले. कुणाच्याच लॅपटॉपमधून आवाज येईना. आत्याच्या खिडकीबाहेरून नाववाल्यांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. मी चोरून पाहिलं. पडद्यावरच्या सगळ्या चौकटींत मिटलेले डोळे, आणि एकटी आत्या तेवढी टक्क डोळे उघडे ठेवून बसलेली.

न राहवून शालिनीच म्हणाली, “आत्याजी, बंद पड़ गया क्या?”

“मुझे भी रोज़ यही पूछना पड़ता है, बेटी. किससे पूछूँ?”

शालिनीने डोळे पुसले आणि तारीख पुढे ढकलली. दोष खूप खोलवर रुतलेला होता, काढताना आमच्या नाकी नऊ आले. सिस्टिम बाजारात आली तोवर आत्याच्या खिडकीतला उजेडही गेला होता.

सिस्टिम बाजारात आल्याचं बाबांनी ऐकलं, पण कॉम्प्युटरच्या भरवशावर आंधळ्या बहिणीला सोडायला ते तयार नव्हते. तिला आणायला ते निघाले आणि मी सोबत गेलो. तो चढ, ते बोळ, वाटेत ठाण मांडून बसलेले सांड. बाबा दर वळणावर मला म्हणत होते, “इथं ती एकटी राहणार?” मलाही खरं तर धीर नव्हता. आत्याने दार उघडलं, आवाजावरून दोघांना ओळखलं आणि चहा केला. चहा होताच बाबांनी कपाट उघडून तिच्या साड्या पलंगावर काढायला सुरुवात केली.

“परतीची तिकिटं बघायला हवीत,” ते मला म्हणाले.

“मी काढली आहेत,” आत्या म्हणाली. “सकाळीच, या लॅपटॉपवरून. चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगत होते तिथं जरा दिक्कत झाली, पण तीही ऐकून घेता येतात.”

“म्हणजे तयार झालीस तर!” बाबांचा चेहरा खुलला. “मला उगाच काळजी.”

आत्याने लॅपटॉप पुढे ओढला, बोटांनी चाचपत एक बटण दाबलं. बाई स्वच्छ मराठीत वाचू लागली. गाडी, तारीख, डबा. मग बाबांचं नाव, खालचा बर्थ. मग माझं नाव, वरचा बर्थ. आणि ती थांबली. हातात साडी धरून बाबा पुढचं नाव ऐकायला उभेच राहिले.

“तेवढंच आहे, दादा,” आत्या म्हणाली. “तुझा गुडघा दुखतो ना, म्हणून तुला खालचा मागितला. ती साडी ठेव जागेवर, चहा निवतोय.”