रोबोट, स्कूटर आणि मधे माझी आई

डब्लिनकरांनो, तासाभरापूर्वीची गोष्ट. ब्युमॉन्टमध्ये आईला फिरायला नेलं होतं. अरुंद फुटपाथवर समोरून सामान पोचवणारा रोबोट आला. आईचा पाय त्याला लागला, म्हणून तिने सवयीने वाकून नमस्कार केला. समोर माणूस दिसल्यावर रोबोट तिथेच थांबला.

मागून त्याच फुटपाथवर उभ्याने चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर एक जण आला. एका बाजूला भिंत, दुसरीकडे पार्क केलेल्या गाड्या. आईने माझा हात घट्ट धरला.

"यू आर ग्रँड, टेक युअर टाइम," म्हणजे 'काही हरकत नाही, सावकाश', असं स्कूटरवाला म्हणाला, पण स्वतः मागे सरकेना! शेवटी मीच आईला गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर उतरवलं. ते दोघे फुटपाथवरून आरामात गेले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्यापासून मी हॉलमध्येच फेऱ्या मारते गं."

तुमचे आईवडील इथे कुठे चालतात?