दिवसा डोळा लागायचा तेव्हा

आमच्या घरात चहा पहिल्यांदा आला, तो माझ्या झोपेवर औषध म्हणून. निजामाचा अंमल होता. चौसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. माझे यजमान जमिनीच्या दाव्याच्या तारखेसाठी बीडच्या कचेरीत गेले होते. ही पत्ती उकळून प्यायली की माणूस पेंगत नाही, असं त्यांना तिथं कुणीतरी सांगितलं. त्यांनी कागदाच्या पुडीत ती आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली. मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची तेव्हा रीत नव्हती.

माझी धाकटी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. पहाटे उठून जात्यावर बसायचं, मग शेणपाणी, भाकऱ्या, आणि ऊन चढायच्या आत खुरपं घेऊन रानात जायचं. रात्री लेकरू झोपू देत नसे. दिवस कलू लागला की माझे हातपाय जड व्हायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची. ज्वारी पाखडता पाखडता मान सुपात पडायची.

"भर दिवसा कसली झोप येती गं तुला?" सासूबाई म्हणायच्या. "आमी काय लेकरं वाढवली न्हाईत का?"

मलाही ते आळसाचंच लक्षण वाटायचं. मी स्वतःला चिमटे काढायची, तोंडावर पाणी मारायची. एका संध्याकाळी भाकरी थापताना डोळा लागला आणि डावा तळवा तापल्या तव्यावर टेकला. सासूबाईंनी धावत जाऊन कोरफड कापून आणली, गर लावला, फडकं बांधलं. त्या रात्री त्या मला रागावल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या. चहा आला तो यानंतर.

गुळाचा काळा चहा दोन्ही वेळा मिळू लागला. डोळे टक्क उघडे राहायचे खरे. पण रात्री लेकरू निजलं तरी मला झोप येईना. आढ्याकडं बघत पडून राहायचं आणि पहाटे तसंच जात्यावर बसायचं. आठवड्याभरात मी आधीपेक्षा जास्त थकले.

त्याच सुमारास सासूबाईंची धाकटी बहीण राहायला आली. त्यांना नारायणगडाजवळच्या एका गावात दिलं होतं. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते, आणि मन रमावं म्हणून भावानं त्यांना आमच्याकडं आणून सोडलं. मावशी फार बोलत नसत. लेकराला मांडीवर घेऊन बसायच्या आणि माझ्याकडं बघत राहायच्या. एकदा विहिरीवर आम्ही दोघीच होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कावून इतकी पेंगतीस गं? जेवतीस कवा तू?"

"समदे जेवल्यावर."

"आन् उरतं का मागं?"

मी "उरतं" म्हणाले. मावशींनी माझ्या मनगटाला हात लावून बघितला आणि घागर उचलली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांचं ताट वाढलं, तेव्हा मावशी घास उचलेनात. म्हणाल्या, "आक्का, मालक गेल्यापासनं मला एकटीला घास उतरत न्हाई. सूनबाईला बसू दे माझ्यासंगं."

पाहुणी, त्यात तिच्यावर कोसळलेलं दुःख ताजं. सासूबाईंना नाही म्हणता आलं नाही. मावशींना खरंच एकटीनं जेववत नव्हतं, की त्यांनी ते माझ्यासाठी केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही खरं असेल.

चहा त्यांनी बंद करायला लावला. "त्यानं डोळे उघडतेत, अंगात काय येत न्हाई," एवढंच म्हणाल्या. सकाळी रानात जायच्या आधी त्या मला ताक घातलेली ज्वारीची आंबील प्यायला लावत. संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं. बांधावरची पाथरी, तांदुळजा अशी पालेभाजी स्वतः खुडून आणायच्या. तीळ आणि गूळ कुटून त्याचा गोळा माझ्या हातावर ठेवायच्या आणि खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. कोवळ्या उन्हात बसवून डोक्याला करडईचं तेल लावायच्या. दुपारी रानात बाभळीखाली लेकराला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "पड जरा. मी उठवते." थोड्याच वेळात उठवायच्याही. "आता बसायचं न्हाई. विहिरीपतुर चालून ये."

लगेच काही झालं नाही. ज्वारीत दाणा भरायला लागला, तेव्हा एके दिवशी मला कळलं की पायलीभर धान्य पाखडून झालं आणि आपण एकदाही पेंगलो नाही.

मग मावशींचा मुलगा त्यांना न्यायला आला. त्या गेल्या त्या दिवशी सासूबाईंनी पुरुषांना वाढलं, मुलांना वाढलं. मी नेहमीसारखी उठून ताट घ्यायला गेले तर म्हणाल्या, "पाहुणी गेली आता." मी ताट परत ठेवलं आणि पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवले.

थोड्याच दिवसांत मान पुन्हा पडू लागली. तव्यावर टेकलेला हात आठवून मला त्या झोपेची भीती वाटायची. एका सकाळी पुरुष मंडळी रानातून यायच्या आधी मी भाकरी आणि जवसाची चटणी घेतली आणि चुलीशीच बसून खाऊ लागले. सासूबाई घागर घेऊन आत आल्या आणि उभ्या राहिल्या. मी उठले नाही.

त्यांनी घागर उतरवली. समोर बसल्या. हळूच म्हणाल्या, "जेवल्यानं बरं वाटतं व्हय तुला?"

"व्हय, आत्याबाई."

"माझ्या वक्ताला मला बी असंच व्हायचं. पाणी शेंदता शेंदता डोळा लागायचा. त्याच्यापायी लई मार खाल्लाय मी. जेवलीस का म्हणून कुणी इचारलं न्हाई."

मी माझी भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं ठेवली. त्या नको म्हणाल्या. मग त्यांनी घासाला चटणी लावली, आणि आम्ही दोघी जेवलो. दुपारी सासऱ्यांच्या कानावर ते गेलं, तेव्हा सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "मीच जेवू घातलं तिला. रोज घालणार हाय."

तेव्हापासून मी सकाळी खाऊनच रानात गेले. माझ्या मुली मोठ्या झाल्या, त्याही तशाच जेवल्या. सासूबाई मात्र पुन्हा कधी पुरुषांच्या आधी जेवल्या नाहीत. मी ताट वाढून ठेवायची, त्या ते झाकून ठेवायच्या. सवय जात न्हाई, म्हणायच्या.